आजार रेड्याला, औषध पखालीला

मंडळी, सेवाभावी संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती अधूनमधून चाळत जा. (आपल्यातले निम्मे लोक दर अप्रेझलनंतर "सगळं सोडून गावाकडे जाऊन काहीतरी करीन" असं म्हणतात, त्यांना तर हा गृहपाठच समजा.) पात्रतेच्या यादीत एमएसडब्ल्यू असतं, ग्रामीण भागातला अनुभव असतो, "मोटारसायकल चालवता येणे आवश्यक" असतं, आणि मोठ्या संस्थांच्या जाहिरातींत शेवटी आणखी एक ओळ सापडते : पीएमपी, प्रिन्स टू किंवा प्रोजेक्ट डीप्रो असल्यास प्राधान्य.

ही ओळ बघून आयटीतल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. आणि तिथेच माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएमपी तर आपल्या हापिसांत वडापावइतकं ओळखीचं आहे. अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेची परीक्षा. बसायचं तर ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवा, अनुभवाचे महिने मोजून दाखवा, पास व्हा, आणि मग दर तीन वर्षांनी ६० पीडीयू गोळा करून ते सर्टिफिकेट जिवंत ठेवा. प्रोजेक्ट डीप्रो हे त्याचं मदतकार्यातलं चुलत भावंड. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'पीएमफॉरएनजीओज'ने २०१० मध्ये ते 'पीएमडी प्रो' या नावाने आणलं, २०२० मध्ये बारसं नव्याने होऊन ते 'प्रोजेक्ट डीप्रो' झालं. परीक्षा एपीएमजी घेते. पुस्तक जालावरून फुकट उतरवून घेता येतं, परीक्षेला मात्र फी आहे.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर कॉमेंटमध्ये लोक धावून येतील. ते पुस्तक वाईट नाही. उलट चांगलं आहे. पीएमपीचा जाडजूड ग्रंथ वाचून झोपलेल्या माणसाला तर ते फारच चांगलं वाटेल. लोकांचा सहभाग, प्रश्नाची मुळं शोधणं, काम चालू असताना आराखडा बदलत राहणं, हे सगळं त्यात आहे. ज्याला वेळ आहे त्याने जरूर वाचावं.

आणि "आम्ही मनापासून काम करतो, आम्हाला नियोजन कशाला" असं म्हणणाऱ्यांचाही मी वकील नाही. मनापासून केलेल्या गोंधळाला गोंधळच म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे येऊन पडले. कुणाला नको असलेले, तिथल्या लोकांच्या वापरात नसलेले, रस्त्याकडेला ढिगाने पडून राहिलेले कपडे. पाठवणाऱ्या प्रत्येकाची भावना शुद्ध होती. फक्त "तिथे काय हवंय?" हा एक फोन कुणी केला नव्हता.

त्याहून भारी उदाहरण प्लेपंपचं. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना : गावात एक गोल फिरणारं चक्र बसवायचं, मुलांनी त्यावर खेळायचं, आणि त्या फिरण्याच्या जोरावर बोअरचं पाणी टाकीत चढायचं. ऐकायला किती गोड! २००६ मध्ये क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्हच्या व्यासपीठावरून यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. मग २००९ मध्ये 'गार्डियन'ने साधा हिशोब मांडला. जितक्या लोकांना पाणी देऊ म्हणून जाहीर केलंय तितक्यांना माणशी १५ लिटर द्यायचं, तर मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल.

दिवसाला २७ तास!! आपल्या इस्टिमेट शीटमध्येसुद्धा इतकं सहसा होत नाही. :-)

म्हणजे नियोजन हवं, हिशोब हवा, शिस्त हवी. यात वाद नाही. पण आता नीट बघा. तो गुणाकार करायचं काम कुणाचं होतं? चक्रावर खेळणाऱ्या मुलांचं नव्हतं. गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याचंही नव्हतं. ते काम होतं व्यासपीठावर बसून चेक लिहिणाऱ्यांचं. आणि या सगळ्या प्रकारावर आपण उपाय काय काढलाय? तर गावातल्या कार्यकर्त्याने सर्टिफिकेट आणावं!

आमच्या आजीच्या भाषेत, आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आयटीत सर्टिफिकेट चालतं, ते का चालतं याचा जरा विचार करा. आपल्याकडे पैसे देणारा आणि माल वापरणारा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. क्लायंटला सॉफ्टवेअर आवडलं नाही तर तो बोंब मारतो, एस्कलेट करतो, पुढच्या वर्षी कंत्राट दुसऱ्याला देतो. सीएमएम लेव्हल पाचची पाटी दारावर लावून आपल्या कंपन्यांनी धंदा मिळवला हे खरं, पण ती पाटी टिकली ती क्लायंटने दुसऱ्यांदा काम दिलं म्हणून. पाटी खोटी निघाली तर कळण्याची सोय होती.

मदतकार्यात ही सोयच नाही. पैसे देणारा बसतो मुंबईत, दिल्लीत किंवा जिनिव्हात. काम होतं मेळघाटात. वापरणाऱ्याला काम आवडलं नाही तर तो काय करणार? टिकेट काढणार? व्हेंडर बदलणार? अर्धवट राहिलेल्या बंधाऱ्याकडे बघत तो गप्प बसतो, कारण पुढच्या वर्षी याच लोकांकडून बियाणं मिळायचं असतं. अशा ठिकाणी सर्टिफिकेट हे वापरणाऱ्याच्या समाधानाचं माप होऊच शकत नाही. ते देणाऱ्याच्या मनःशांतीचं माप होतं. "माणूस सर्टिफाइड होता हो, आम्ही काळजी घेतली होती" एवढं म्हणता यावं म्हणून.

बरं, शिकलेसवरलेले मॅनेजर असले की काम होतं, असं तरी आहे का? हैतीचं बघा. १२ जानेवारी २०१० चा भूकंप. अमेरिकन रेड क्रॉसने त्यासाठी सुमारे ५० कोटी डॉलर गोळा केले. संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख एटी अँड टी आणि फिडेलिटीत वरच्या पदांवर काम करून, हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवून आलेल्या. म्हणजे व्यवस्थापनाच्या बाजूने बोट ठेवायला जागा नाही. २०१५ मध्ये 'प्रोपब्लिका' आणि अमेरिकेच्या 'एनपीआर' रेडिओने शोध घेऊन लिहिलं की इतक्या पैशांत कायमची घरं उभी राहिली ६. होय, सहा. रेड क्रॉसने हा वृत्तांत मान्य केला नाही, १ लाख ३० हजार लोकांना निवाऱ्याची मदत केली असं त्यांचं म्हणणं. पत्रकारांचं उत्तर असं की या आकड्यात दुरुस्तीच्या प्रशिक्षणाला बसलेलेही धरलेत. तो वाद बाजूला ठेवू. त्या वृत्तांतातलं एक कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे : कामावर नेमलेल्या बाहेरच्या अनेक लोकांना ना फ्रेंच येत होतं, ना तिथली क्रेऑल.

ज्या भाषेत माणसं रडतात, भांडतात आणि जमिनीची मालकी सांगतात ती भाषा येत नसेल तर तुमचा गँट चार्ट काय चाटायचाय?

आता आपल्या मातीत या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. बाळं तपासणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या, वजनं घेणाऱ्या आरोग्यदूत म्हणजे त्याच गावच्या बाया, पाचवी ते दहावी शिकलेल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले : नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. पुढे २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली गेली.

हा प्रयोग ढिसाळ होता का? अजिबात नाही. तुलनेसाठी वेगळी गावं निवडलेली, प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद, कामाची वारंवार तपासणी. आपल्या क्वालिटीवाल्यांना लाज वाटावी इतकी शिस्त. आणि बंग दांपत्य स्वतः जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आलेलं, तेव्हा शिक्षण नको असा अर्थ कृपया काढू नका. मुद्दा असा की शिस्त कामातून आणि प्रशिक्षणातून आली. ती बाई दाराशी आली तेव्हा "इंग्रजीतली परीक्षा पास आहेस का?" असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ३९ गावांत एकही आरोग्यदूत मिळाली नसती. बाळं मात्र जन्मायची थांबली नसती.

दुसरं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या पैशातून प्रचंड मोठं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. नकाशावर सुरेख : काटकोनी आखीव रस्ते, ओळीत घरं. पण नवी गावठाणं जुन्यापेक्षा कितीतरी जास्त जागेवर पसरली. वाडा गेला, गल्ली गेली, शेत लांब गेलं, शेजारी विखुरला. ज्या गावांत जुनीच घरं जागेवर दुरुस्त आणि मजबूत करायची होती तिथे सरकारने वेगळी वाट धरली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ला मदतीला घेतलं आणि गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. कुठलं घर आधी, सिमेंट आलं की नाही, हप्ता का अडला, भिंतीत भूकंपरोधक पट्टा खरोखर घातला की नुसता दाखवला, हे बघायचं आणि अधिकाऱ्यापर्यंत पोचवायचं काम त्यांचं.

याला आपल्या भाषेत काय म्हणतात? स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, इश्यू ट्रॅकिंग, क्वालिटी कंट्रोल. ती बाई हे सगळं करत होती. तिला फक्त त्याची इंग्रजी नावं माहीत नव्हती. आणि आज आपण तिला म्हणणार, नावं पाठ करून ये मग नोकरी!

आता तुमचे आक्षेप घेऊ.

"मग काय डॉक्टरलाही डिग्री नको?" हवी ना. डॉक्टरची डिग्री अनेक वर्षांची असते, त्यात खऱ्या रोग्यांसमोर उभं राहून काम केलेलं असतं, आणि चूक झाली तर परवाना जातो. चार पर्यायांतून एक निवडायच्या परीक्षेची तिच्याशी तुलना करू नका. राहिला पैशांचा प्रश्न. त्यासाठी आपल्याकडे विश्वस्त कायदा १९५० पासून आहे, ऑडिट आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. पैसे खाणाऱ्याला गजाआड करायला हिशोब तपासनीस लागतो. सर्टिफाइड माणूस पैसे खात नाही असं म्हणायचं असेल तर आपण वेगवेगळ्या देशांत राहतो.

"पण स्थानिक कार्यकर्त्यालाच याचा फायदा आहे की. परदेशी एक्स्पर्टशी बरोबरी करायला त्याच्या हातात कागद येतो." हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. नांदेडच्या एखाद्या हुशार पोराला या कागदामुळे मोठ्या संस्थेत नोकरी लागत असेल तर त्याने तो जरूर घ्यावा, माझी पार्टी. पण मग हे मान्य करा की हा कागद त्या पोराच्या करिअरसाठी आहे, नांदेडच्या गावांसाठी नाही. बहुतेक वेळा तो कागद मिळाल्यावर पोरगा गाव सोडून दिल्लीला जातो. आपणही तेच केलं, म्हणून त्याला नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही. मात्र "प्राधान्य" या शब्दाचा अर्थ असा होतो की ज्याला फी परवडली आणि इंग्रजी जमलं तो पुढे, आणि ज्याला कोरकू येते तो मागे. हे गावाच्या भल्यासाठी चाललंय असं तरी म्हणू नका.

"अहो, पण फी संस्था भरेल की!" कशातून भरेल? इथे खरी गंमत आहे. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शिवाय एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. म्हणजे पूर्वी मोठी संस्था लहान संस्थेला पैसे आणि पाठबळ दोन्ही देऊ शकायची, ती वाट मिटली. देशातले देणगीदारही "पगारावर किती, प्रवासावर किती" म्हणत एकेक ओळ खुडत असतात. तर एका हाताने म्हणायचं, व्यवस्थापनावर खर्च करू नका. दुसऱ्या हाताने म्हणायचं, जागतिक दर्जाचा मॅनेजर ठेवा. लग्न थाटात करा, पण मांडवाला पैसे मागू नका!

माझी एक मैत्रीण मराठवाड्यातल्या एका छोट्या संस्थेत आहे. तीन देणगीदार, तिघांचे तीन वेगळे एक्सेल, आणि तिघांच्या "लाभार्थी" या शब्दाच्या तीन वेगळ्या व्याख्या. एकाला कुटुंबं मोजून हवीत, दुसऱ्याला माणसं, तिसऱ्याला "अप्रत्यक्ष लाभार्थी"सुद्धा. महिन्याचा शेवटचा आठवडा ती गावात जात नाही, कारण ती रिपोर्ट भरत असते. हा गोंधळ तिने सर्टिफिकेट घेतल्यावर सुटणार आहे का? तो निर्माण कुणी केलाय?

आणि जोखीम म्हणाल तर अलीकडचंच बघा. जगभरच्या संस्थांना घोकायला लावलेला 'लॉगफ्रेम' हा तक्ता १९६९-७० च्या सुमारास बनला तो अमेरिकन सरकारच्या यूएसएडसाठी. उद्दिष्ट, निष्पत्ती, गृहीतकं, सगळं चौकटीत. त्याच यूएसएडचं २०२५ मध्ये काय झालं? जानेवारीत मदत गोठवली, मार्चमध्ये ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं, १ जुलैला संस्थेचं मदतीचं काम अधिकृतरीत्या संपलं. जगभरच्या दवाखान्यांत, पोषण केंद्रांत लॉगफ्रेम भरून ठेवलेल्या माणसांना एका ईमेलने घरी पाठवलं. त्यांच्यात सर्टिफाइड लोकांची काय कमी असणार? रिस्क रजिस्टरमध्ये पूर, दुष्काळ, साथ असं सगळं लिहायला शिकवतात. सगळ्यात मोठी जोखीम टेबलाच्या पलीकडे बसून ते रजिस्टर तपासत होती.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. परीक्षा ठेवाच. पण आधी देणाऱ्याची ठेवा. कंपन्यांचे सीएसआर प्रमुख, फाउंडेशनवाले, परदेशी देणगीदार, सगळ्यांची. अभ्यासक्रम मी देतो, फुकट :

१. ज्या गावासाठी पैसे देताय तिथल्या माणसाशी, मध्ये संस्थेचा कार्यकर्ता न बसवता, तुम्ही शेवटचं कधी बोललात?

२. पैसे बंद करायचे झाले तर किती महिने आधी सांगाल? लेखी द्या.

३. प्रकल्प एकाच वर्षाचा का? "आमचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं" हे उत्तर चालणार नाही. सीएसआरचे नियम २०२१ पासून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू प्रकल्पाला वाव देतात.

४. संस्थेचे इतर देणगीदार जो रिपोर्ट स्वीकारतात तोच तुम्ही का स्वीकारत नाही?

५. कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाचे पैसे तुमच्या बजेटमध्ये कुठल्या ओळीत आहेत? ओळ दाखवा.

६. तुमच्या प्रेस नोटमधल्या लाभार्थ्यांच्या आकड्याला दिवसांनी भागा. उत्तर २७ तास येत नाही ना, बघा.

पास व्हायला १०० टक्के. नापास झालात तर चेक घेऊन परत जा, अभ्यास करून या.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण टेबलाच्या त्या बाजूला आपणच बसणार आहोत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि कुठल्या संस्थेला द्यायचे हे ठरवणाऱ्या खोलीत आज ना उद्या तुमच्यामाझ्यासारखा एखादा पीएमपीवाला हमखास असतो. आपल्याला जे येतं तेच आपण दुसऱ्यात शोधतो, हा मनुष्यस्वभाव आहे. सर्टिफिकेट दिसलं की आपल्याला हायसं वाटतं.

तर पुढच्या वेळी तुमच्या कंपनीच्या सीएसआर कमिटीत "या संस्थेकडे सर्टिफाइड प्रोजेक्ट मॅनेजर आहे का?" असा प्रश्न कुणी विचारला, तर हात वर करा आणि वरच्या सहातला कुठलाही एक प्रश्न आपल्याच टेबलाला विचारा. दोन नंबरचा विचारलात तर उत्तम. खोलीत शांतता पसरेल. पसरू द्या.